पाहुण्यांची चपाती

अवसरी खुर्द हे आमचे आजोळ. दिवाळीच्या सुटीत पुण्याहून एस.टी.ने मंचरला उतरायचे आणि तिथून मामांच्या बैलगाडीतून गावात जायचे, असा आमच्या लहानपणी दरवर्षीचा परिपाठ होता. पहिल्या रात्री आमच्या ताटात गव्हाची चपाती असे. दुसऱ्या दिवशीही असे. तिसऱ्या दिवसापासून मात्र बाजरीची भाकरी येई आणि ती आली, की आता आपण पाहुणे उरलो नाही, घरचे झालो, असे आम्ही समजत असू. त्यात आम्हांला आनंदच वाटे. चपाती तीनच वेळा का, आणि त्या तिन्ही वेळा आजी चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून काय खात असे, हे प्रश्न आमच्या मनात फार उशिरा आले. ते आले तेव्हा उत्तर द्यायला आजी नव्हती. म्हणून ते आम्ही इतिहासाला विचारतो आहोत.

आंबेगाव तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेले, की ताटातले धान्य बदलत जाते. भीमाशंकरच्या डोंगरउतारांवर भात, नाचणी, वरई. घोडेगाव-मंचरच्या आसपास पाऊस ओसरतो. आणि त्याच्या पुढे सह्याद्रीची पर्जन्यछाया, म्हणजे बाजरी, मटकी, हुलगा. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ साली छापले गेले, तेव्हाही जिल्ह्याचे मुख्य धान्य बाजरीच होते. गहू रब्बीचा, त्याला हिवाळ्यात पाणी किंवा ओल धरणारी काळी जमीन हवी. ज्याच्या विहिरीवर मोट चाले त्याच्याकडे थोडा गहू होई. तो दिवाळी-शिमग्याच्या पुरणपोळीसाठी, लग्नकार्यासाठी आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवला जाई. म्हणजे गहू हे पीक होते, पण अन्न नव्हते. ती इभ्रत होती. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याच्या घरातले दारिद्र्य जगासमोर मांडले. पण जगापुढे ते मांडले जाऊ नये, निदान सोयऱ्यांपुढे तरी, म्हणून त्याच घरात कणकेचे मडके झाकून ठेवलेले असे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

बाजरीचे पीठ टिकत नाही. तिच्या दाण्यात तेलाचा अंश अधिक, त्यामुळे दळून ठेवलेले पीठ थोड्या दिवसांत कडू होते. याचा अर्थ, ज्या गावाचे अन्न बाजरी, त्या गावातल्या बायकांनी रोज पहाटे जात्यावर बसायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण एवढ्या ओव्या होण्याइतके दळण किती झाले असेल, हा हिशोब कोणी करत नाही. गावात डिझेल इंजिनाची गिरणी आली, ती आमच्या मते या परिसरातल्या स्त्रियांच्या इतिहासातली स्वातंत्र्याच्या खालोखाल मोठी घटना होय. आमच्या आजीला ओव्या येत होत्या. गिरणी आल्यावर तिने त्या म्हटल्याचे आईला आठवत नाही, आणि तिला त्याची खंत होती असेही आठवत नाही.

भाकरीसोबत जे असे, त्यात हुलगा फार. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून वळलेली शेंगोळी, हुलग्याचे पातळ माडगे, मोड आणलेल्या हुलग्याची उसळ. हुलगा कमी पावसात, हलक्या रानात येतो आणि घोड्याला व बैलालाही तोच घालतात. या शेवटच्या गोष्टीने त्याचा घात केला. जे जनावर खाते ते पाहुण्यासमोर कसे ठेवणार? गंमत अशी, की घाट उतरून कोकणात गेले, की हाच हुलगा कुळीथ होतो आणि कुळथाच्या पिठल्याचे नाव काढताच मुंबईतला कोकणी माणूस गहिवरतो. आमचे एक कोकणस्थ स्नेही त्यावर तासभर बोलू शकतात. आम्ही त्यांच्यापाशी शेंगोळीचे नाव अनेक वर्षे काढले नव्हते.

उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते, तेव्हा ज्वारी खावी, असे वैद्यकीय शहाणपण आपण नेहमी ऐकतो. ते खोटे नाही. पण हा नियम ज्यांच्या कणगीत दोन्ही धान्ये असत त्यांचा. बाकीच्यांनी वैशाखातही बाजरीच खाल्ली, आणि ज्या वर्षी तीही नव्हती, त्या वर्षी मिळेल ते खाल्ले.

त्या वर्षांबद्दल लिहिणे कठीण आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सरकारी कामावर येणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी पुरे, असे रिचर्ड टेंपल यांनी ठरवले. आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅम धान्य, आणि त्यावर दिवसभर माती-दगडाचे काम. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्यास नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ साली, आम्ही आठ वर्षांचे होतो. त्या दिवाळीला आम्हांला अवसरीला नेले नाही. कारण विचारल्याचे आठवते. उत्तर मिळाल्याचे आठवत नाही. पुढे मामांकडून तुकड्यातुकड्यांत कळले, की आजी आणि थोरली मामी त्या वर्षी खडी फोडायला जात होत्या, तिथे सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे. मिलोची भाकरी थापताना मोडे आणि गिळताना अडके. आजीने हे आम्हांला कधीच सांगितले नाही. पाहुण्यांपासून जे झाकायचे, ते तिने नातवापासूनही झाकले. किंवा नातू तिच्या लेखी शेवटपर्यंत तीन वेळच्या चपातीचा पाहुणाच राहिला. यांतले खरे कोणते हे आम्ही ठरवू शकलेलो नाही.

गव्हाचे पारडे खाली आले ते त्यानंतर. १९६४ साली ज्वारीचे आणि १९६५ साली बाजरीचे पहिले संकरित वाण प्रसृत झाले होते. ‘हायब्रीड’ हा शब्द गावात तेव्हाच रुळला, आणि फिक्या चवीच्या, उंचीने वाढलेल्या पण दमाने कमी असलेल्या कशालाही, अगदी पोरांनाही, तो लावला जाऊ लागला. संकरित बाजरीवर गोसावी रोग पडून पुढल्या काही वर्षांत तिचा बहर ओसरला. गव्हाला मात्र पंजाबच्या हरितक्रांतीचा पाठिंबा होता आणि त्याचा दाणा रेशनच्या दुकानात येऊन पडत होता. मग घोड नदीवर डिंभे धरण झाले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या कोरड्या गावांना मिळू लागले, आणि आमच्या मामांच्या बाजरीच्या रानात प्रथम ऊस, मग कांदा, बटाटा, मग हिवाळी गहू दिसू लागला. घरातली चपाती रोजची झाली. आमच्या पाहुणचाराचा दर्जा अर्थातच घसरला, कारण जे रोजच आहे त्याने मान कसा द्यायचा?

या पाण्याची किंमत कोणी दिली, हे आमच्या आजोळी फारसे बोलले जात नाही. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते जुने आंबेगाव डिंभ्याच्या जलाशयाखाली आहे. त्याच्यासोबत महादेव कोळ्यांच्या जमिनी गेल्या. नाचणी आणि वरई हे त्यांचे रोजचे अन्न. तीच वरई आम्ही भगर म्हणून एकादशीला खातो आणि उपास घडला म्हणून पुण्य जोडतो. डोंगरावर ती खाल्ल्याने कोणाचा उपास मोडत नाही आणि कोणाचा घडतही नाही. पाणी वर चढले, तशी खाली बाजरी मागे पडून गहू आला, आणि वर वरईचे उतार बुडाले. ‘शाश्वत’ या संस्थेसोबत तिथल्या धरणग्रस्तांनी पुढे जलाशयात मासेमारी उभी केली आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करण्यासाठी धडपड केली. गव्हाच्या चपातीचा इतिहास लिहिताना हे परिच्छेदाच्या एका कोपऱ्यात येते याचे आम्हांला वैषम्य वाटते. पण आमच्या ताटातही ते अगदी कोपऱ्यातच होते.

आता मासवडी. जुन्नर-आंबेगावच्या खाण्याविषयी लिहून मासवडी टाळली, तर वाचक क्षमा करणार नाहीत. बेसनाचे घट्ट पिठले शिजवायचे, गरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, लसूण, कांदा, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, फडक्यासकट दुमडून चेपायचे आणि वड्या पाडायच्या. काप माशाच्या तुकडीसारखा दिसतो, त्यावरून नाव. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पिठले निवले, की चिरते, म्हणून थापणाऱ्या बाईचे हात भाजतातच.

हा पदार्थ किती जुना? लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ही शहरी, लिहित्या-वाचत्या घरांची पुस्तके, त्यांत खेड्याच्या चुलीची जन्मतारीख शोधू नये. जिन्नसच काय ते सांगतात. तीळ आणि हरभरा इथले. खोबरे इथले नव्हे. ते कोकणातून घाट चढून येणार, आणि नाणेघाटाची वाट तर सातवाहनांच्या काळापासून जुन्नरला किनाऱ्याशी जोडत आली आहे. मिरची पोर्तुगीजांमागून अमेरिकेहून आली, त्यामुळे आजचा झणझणीत रस्सा त्याआधीचा असू शकत नाही. मांसाची उणीव भासू न देणारा हा शाकाहारी थाट इथेच का फोफावला असावा, याचे एक कारण आम्हांला सुचते. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी, आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची. हा मुलूख माळकऱ्यांचा. गावच्या यात्रेला एका घरात मटण शिजते आणि शेजारी माळ घातलेला चुलता बसलेला असतो. त्याच्याही पानात त्याच रंगाचा रस्सा आणि त्याच तोऱ्याची तुकडी पडावी, एवढा मान मासवडीने राखला. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे.

आज पुणे-नाशिक रस्त्यावर मासवडीच्या पाट्या दिसतात. थाळी येते, तिच्यात बाजरीची भाकरी असते, वर लोण्याचा गोळा असतो, आणि शहरातून आलेली कुटुंबे तिची छायाचित्रे काढतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले; बाजरीला ‘श्रीअन्न’ म्हणण्यात आले. आम्हीही डॉक्टरांच्या सल्ल्याने पुण्यात भाकरी खातो आणि बाजरी पिशवीतून, निवडलेली, बऱ्यापैकी महाग अशी विकत आणतो. अवसरीत २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले; विदर्भ-मराठवाड्यातली मुले तिथे शिकायला येतात आणि मेसमध्ये चपाती व बटाट्याची भाजी खातात. मंचरच्या कारखान्यात चीज तयार होते. गावातला एक मुलगा आम्हांला विचारत होता, हुलगा म्हणजे नक्की कोणती डाळ?

मागच्या दिवाळीत आम्ही पुष्कळ वर्षांनी अवसरीला मुक्कामाला गेलो. थोरल्या मामी आता ऐंशीच्या पुढे आहेत. सुनेने विचारले, जेवायला काय करू? आम्ही मोठ्या हौसेने म्हणालो, बाजरीची भाकरी आणि शेंगोळी करा, पुण्यात अशी मिळत नाही. सून काठवट घ्यायला उठली. मामींनी तिला हाताने थांबवले. त्या आमच्याकडे न पाहता तिलाच म्हणाल्या, “भाचा दिवाळीला आलाय, त्याला भाकरी घालतीस? कणीक मळ.” आम्ही समजावून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, “परवा घालू.” आम्हांला दुसऱ्या दिवशी सकाळी परतायचे होते.