परभाषेतील हेल

परभाषेतील हेल : दुसरी भाषा बोलताना पहिल्या भाषेच्या उच्चारसवयी ऐकू येणे. सुटे ध्वनी, शब्दातला आघात आणि वाक्याची सुरावट या तिन्हींत तो असतो. रोजच्या बोलण्यात यालाच ‘ॲक्सेंट’ म्हणतात. हेल स्वभाषेतही असतोच. वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी माणूस तोंड उघडताच ओळखू येतो. प्रस्तुत नोंद परकी भाषा शिकणाऱ्यांपुरती, आणि त्यातही मुख्यतः मराठी भाषकांपुरती आहे.

हेल जिभेच्या जडपणामुळे येतो, ही सर्वत्र पसरलेली समजूत अपुरी आहे. त्याचे मूळ बरेचसे कानात असते. रशियात जन्मलेला आणि व्हिएन्नात अध्यापन करणारा भाषावैज्ञानिक निकोलाय त्रुबेत्स्कोय याच्या १९३९ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पहिल्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली आहे : परके बोलणे या चाळणीतून गाळूनच ऐकू येते. हे गाळणे फार लवकर सुरू होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजीभाषक घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले दंत्य व मूर्धन्य ध्वनी, म्हणजे त आणि ट, ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. हे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. मराठी घरातल्या बाळाचा हा भेद पक्का होत जातो, कारण तो त्याच्या कानावर रोज पडतो. इंग्रजीतले काही भेद मात्र त्याच काळात मागे पडतात.

मराठी भाषकाच्या इंग्रजीत हे स्पष्ट दिसते. इंग्रजी ‘टेबल’मधला पहिला ध्वनी काढताना जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला लागते. मराठीत नेमक्या त्या जागेचा स्पर्शध्वनी नाही. पुढे दातांशी त आहे, मागे टाळूकडे ट आहे. आपण ट निवडतो आणि इंग्रजाला तो जड वाटतो. ‘थँक यू’मधला मूळ ध्वनी जिभेचे टोक दातांशी ठेवून हवा घासत सोडल्याने होतो, आपण त्याजागी महाप्राण थ ठेवतो. व चे प्रकरण याहून चिवट आहे. इंग्रजीत ‘पश्चिम’ या अर्थाच्या शब्दाला ओठांचा चंबू लागतो, तर बनियनच्या ‘वेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मराठी व या दोहोंच्या मधला असल्याने दोन्ही शब्द एकच होऊन बसतात. जेम्स फ्लेगी या अमेरिकी संशोधकाचे मत येथे उपयोगी पडते : पूर्ण नवा ध्वनी तुलनेने साधतो, आपल्या ध्वनीशी जवळीक असलेला मात्र हुलकावणी देतो, कारण ‘हा तर आपलाच’ म्हणून कान त्याची वेगळी नोंद ठेवत नाही.

काही दोष लिपीतून येतात. लंडनचा माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा प मागोमाग श्वासाचा झोत बाहेर पडतो. असा झोत मराठी जिभेला मुळीच परका नाही. ख, छ, ठ आपण सहज काढतो. पण डोळ्यांसमोर प हे अक्षर असते, म्हणून आपण अल्पप्राण प उच्चारतो आणि इंग्रजाच्या कानाला तो क्वचित ‘बिन’ वाटतो. उलट ॲ आणि ऑ ही चिन्हे मराठीने स्वीकारली, त्याचा लाभ मोठा आहे. ‘बॅट’, ‘बेट’ आणि ‘बाट’ यांतला फरक मराठी मूल लिहिता-वाचताना शिकते.

आघाताकडे शाळांत फारसे लक्ष दिले जात नाही, आणि बोलणे न समजण्याचे ते एक मोठे कारण आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. जोर नसलेले स्वर इंग्रजीत जवळजवळ गिळले जातात. मराठी माणूस प्रत्येक अवयवाला सारखे वजन देत जातो. शब्द बरोबर असूनही ऐकणाऱ्याला तो सापडत नाही.

मराठीची मदतही होते, आणि पुण्यात जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्यांना ती लवकर जाणवते. मराठीत च दोन प्रकारचा आहे : ‘चार’, ‘चंद्र’ यांतला तालव्य आणि ‘चाक’, ‘चूक’ यांतला दंततालव्य. ‘चूक’चा आरंभ आणि जपानी ‘त्सुनामी’चा आरंभ जवळपास एकच आहे. इंग्रज तेथे अडखळतो आणि बरेचदा नुसते ‘सुनामी’ म्हणतो. जर्मन ‘त्साइट’ (वेळ) हाही मराठी भाषकाला विनासायास येतो. जपानीत ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपाल तिकीट. ‘सत्ता’, ‘पत्ता’ म्हणणाऱ्याला हे द्वित्व अवघड नाही. अवघड आहे ती स्वरांची लांबी. ‘ओबासान’ ही मावशी-आत्या, ‘ओबाआसान’ ही आजी. मराठी लेखनात ह्रस्व-दीर्घ असले तरी बोलण्यात अर्थ त्यावर क्वचितच ठरतो, म्हणून कान बेसावध राहतो. सुराचा भेद त्याहून दूरचा : टोकियोच्या बोलीत ‘हाशी’चा पहिला अवयव उंच असेल तर जेवणाच्या काड्या, दुसरा उंच असेल तर पूल; क्योतो-ओसाकाकडे हेच उलट.

जर्मनमध्ये ‘शोन’ (आधीच) आणि ‘श्योन’ (सुंदर) असे शब्द देवनागरीत लिहिले की घोटाळा पक्का होतो. दुसऱ्या शब्दात य मुळीच नाही. ओठ ओ साठी करतो तसे गोल ठेवायचे आणि जीभ ए च्या जागी न्यायची, म्हणजे तो स्वर मिळतो. देवनागरीत त्यासाठी चिन्ह नाही, म्हणून वहीत देवनागरी उच्चार लिहून ठेवण्याची सवय येथे घातक ठरते.

वय वाढले की हेल जात नाही, हे बव्हंशी खरे आहे. १८५७ साली जन्मलेला पोलिश भाषक जोसेफ कॉनरॅड विशीत इंग्रजी शिकला आणि इंग्रजीतला थोर कादंबरीकार झाला. उच्चारात पोलिश हेल मात्र अखेरपर्यंत राहिला. तरीही प्रौढाचा कान घडवता येतो. सुमारे तिशीत, १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) रचले. त्याच्या रोमन लेखनात मूर्धन्य ध्वनींसाठी अक्षर दुप्पट लिहिलेले दिसते. स्वभाषेत नसलेला भेद त्याने अचूक टिपला होता. आधुनिक पुरावा जपानी भाषकांचा आहे. इंग्रजी र आणि ल त्यांना सारखेच ऐकू येतात. अनेक वक्त्यांच्या आवाजात या जोड्या ऐकवून ओळखायला लावल्या, तेव्हा त्यांची ओळख सुधारलीच. शिवाय बोलण्याचा सराव न घेताही उच्चार सुधारला (१९९७). अध्यापनात यापेक्षा मोलाची दुसरी सूचना नाही.

हेल असणे आणि न समजणे या भिन्न गोष्टी आहेत. मरी मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांच्या १९९५ च्या अभ्यासात, श्रोत्यांनी ठळक हेलाचे ठरवलेले बोलणेही पुष्कळदा पूर्ण समजले होते. आपल्याकडे कॉल सेंटरांच्या भरभराटीत हेल पुसून टाकण्याचे वर्ग निघाले आणि गावाकडच्या मुलामुलींच्या मनात नसता न्यूनगंड रुजला. त्या वेळेचा निम्मा भाग आघात आणि स्वरांची लांबी यांना दिला असता तर अधिक लाभ झाला असता. शिक्षकांनी विद्यार्थ्याला ‘पुन्हा म्हण’ असे सांगण्याआधी त्याला दोन शब्दांतला फरक ऐकू येतो का, हे तपासावे. येत नसेल तर वेगवेगळ्या आवाजांत तो पुन्हा पुन्हा ऐकवावा.