रोगाची खूण आणि रोगाचा पुरावा

हडपसर आज पुणे शहराचा एक गजबजलेला भाग होऊन बसला आहे. येथील ससाणे मळ्याचे नाव लोकांच्या नित्याच्या बोलण्यात येते. परंतु १८९७ च्या आरंभी ह्याच मळ्यात प्लेगच्या रोग्यांकरिता एक दवाखाना उघडला होता, ही गोष्ट त्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असेल. तो चालविणारे डॉक्टर म्हणजे जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र यशवंतराव. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरील वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई तेथे गेल्या, मुलास पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला, आणि त्या सेवेतच रोगाची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. ही कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. परंतु तिच्या पोटात एक दुसरा प्रश्न दडलेला आहे. अमक्यास प्लेग झाला, हे त्या काळी ठरवावयाचे कसे?

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला. येर्सँ व कितासातो ह्या दोघांची नावे त्या शोधाशी निगडित आहेत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ह्या रोगाचे निदान केले. म्हणजे पुण्यास साथ आली तेव्हा शास्त्रास रोगाचे मूळ ठाऊक झाले होते. तथापि सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन कोणी घरोघर हिंडत नव्हते. दाराशी आलेल्या तपासनिसाच्या हाती मुख्यतः दोनच खुणा होत्या : अंगातील ताप, आणि जांघेत, काखेत किंवा मानेवर आलेली गाठ.

अशा खुणांचा विचार आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी करून ठेविला आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करावयाचे, तर जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती अभंग असली पाहिजे. साध्य नसतानाही जो हेतू आढळतो त्यास ते सव्यभिचार म्हणतात. तो खरा हेतू नव्हे, हेत्वाभास होय. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाची जखम चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते. काखमांजरी तर घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा गाठ ही खूण सव्यभिचार ठरते. उलटपक्षी तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर मात्र नसतो. त्याचप्रमाणे रक्तात भिनलेल्या किंवा फुप्फुसात शिरलेल्या प्लेगात गाठ न येताच रोगी दगावतो. म्हणजे ही खूण दोहीकडून चुकते : निरोग्यास रोगी म्हणते आणि रोग्यास निरोगी म्हणते. आजच्या परिभाषेत रोग्यांस ओळखण्याच्या शक्तीस संवेदनशीलता व निरोग्यांस मोकळे सोडण्याच्या शक्तीस विशिष्टता म्हणतात.

सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी, १३ मार्च रोजी, पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या. त्या १९ मेपर्यंत चालल्या. ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा होऊन सरकारास हवे ते अधिकार मिळाले होतेच. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या दिमतीस ८९३ अधिकारी व शिपाई दिलेले होते. संशयितास इस्पितळात न्यावयाचे आणि घरच्या माणसांस सेग्रिगेशन कँपात धाडावयाचे, असा क्रम होता. देवघरात शिरल्याच्या व स्त्रियांची अंगे उघड्यावर तपासल्याच्या तक्रारी गावभर झाल्या. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. ह्या इतिहासाची राजकीय बाजू वाचकांच्या परिचयाची आहे. मला येथे त्याची दुसरी, काहीशी रुक्ष बाजू मांडावयाची आहे. ती गणिताची.

पुढील आकडे केवळ उदाहरणाकरिता कल्पिलेले आहेत. समजा, एका पेठेतील १०,००० माणसे तपासली. त्यांपैकी खरे रोगी २० आहेत. आपली खूण चांगली आहे असे धरू : १०० रोग्यांपैकी ९० जणांस ती ओळखते, आणि १०० निरोग्यांपैकी पाचांवरच खोटा आळ घेते. २० रोग्यांपैकी १८ सापडतील. परंतु उरलेल्या ९,९८० निरोग्यांपैकी सुमारे ४९९ जण विनाकारण धरले जातील. एकूण ५१७ संशयितांत खरे रोगी १८. म्हणजे शेकडा चारदेखील नव्हेत! आता तीच खूण घेऊन दवाखान्यात जाऊ. साथीच्या वस्तीतून तापाने फणफणलेली २०० माणसे तेथे आली आहेत व त्यांतील निम्म्यांस प्लेग आहे. तेथे खूण ९० रोगी ओळखील आणि पाच निरोग्यांवर चुकीचा शिक्का मारील. ९५ संशयितांत ९० खरे. खूण तीच, तिची शक्ती तीच. तरी एका ठिकाणी तिचा कौल बहुतांशी खोटा आणि दुसऱ्या ठिकाणी बहुतांशी खरा. फरक खुणेत नाही. ती कोणास लाविली ह्यात आहे.

झडतीचा पक्ष घेणारा म्हणेल की, एक रोगी सुटला तर शंभरांस बाधेल. काही निरोगी धरले गेले तर काय बिघडले? ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु मग त्या ५१७ जणांस संशयितच म्हटले पाहिजे, रोगी नव्हे. आणि दुसऱ्या, अधिक खात्रीच्या परीक्षेवाचून त्यांस खऱ्या रोग्यांच्या शेजारी निजविता कामा नये. चाळणी म्हणून जी परीक्षा चालेल, ती निवाडा म्हणून चालत नाही.

हा विचार शास्त्रातही सावकाश रुजला. आधीच्या संभवाची नव्या पुराव्याशी सांगड कशी घालावी, ह्याविषयीचा टॉमस बेझ ह्या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मरणानंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. संवेदनशीलता व विशिष्टता ह्या कल्पना येरुशाल्मी यांनी वैद्यकात रूढ केल्या त्या १९४७ साली, क्षयाच्या क्ष-किरण चित्रांचा विचार करिताना. त्यानंतरही १९७८ साली हार्वर्डच्या रुग्णालयांतील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांस एक प्रश्न विचारला गेला : हजारांत एकास होणारा रोग, आणि निरोग्यांपैकी शेकडा पाचांस खोटा दोष देणारी परीक्षा, तर दोषी ठरलेल्यास तो रोग असण्याचा संभव किती? उत्तर आहे शेकडा सुमारे दोन. ते बरोबर देणारे निघाले अवघे ११. कित्येकांनी शेकडा ९५ असे सांगितले! पुढे १९९० नंतर पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाची जी चळवळ झाली, तिचा रोख ह्याच दोषावर होता.

२०२० साली इतिहासाने पुण्यास हाच धडा पुन्हा घातला. ९ मार्च रोजी कोरोनाचे महाराष्ट्रातील पहिले रोगी पुण्यात आढळले. रक्तातील प्रतिपिंडे ओळखण्याची ‘कवच’ नावाची परीक्षा पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने सिद्ध केली. निरोग्यांपैकी शेकडा सुमारे ९८ जणांस ती अचूक मोकळे सोडी. मे-जून महिन्यांत देशभरातील २८,००० जणांची पाहणी झाली, तेव्हा बाधेचे प्रमाण शेकडा ०.७३ निघाले. म्हणजे परीक्षेची चूक बाधेपेक्षा मोठी! म्हणून संशोधकांनी ‘कवच’ने दोषी ठरविलेले प्रत्येक रक्त दुसऱ्या परीक्षेने पुन्हा तपासले. परंतु जुलै-ऑगस्टात पुण्यातील पाच प्रभागांच्या पाहणीत प्रमाण शेकडा ५१.५ आले, एवढ्या बाधेपुढे शेकडा दोनाच्या चुकीने मोठा फरक पडण्यासारखा नव्हता.

गणिताची दुसरी बाजूही विसरता येत नाही. मघाच्या दवाखान्यात ‘रोग नाही’ असा कौल मिळालेल्या १०५ जणांत दहा खरे रोगीच आहेत. १८९७ च्या तपासनिसाचा दोष सांगणे सोपे. माझा स्वतःचा सांगावयास पाहिजे. २०२१ च्या एप्रिलात मला ताप होता, अन्नास वास लागत नव्हता, शेजारी तीन घरे आजारी होती. तपासणीचा कागद मात्र ‘नाही’ म्हणाला. त्या कागदावर विसंबून मी संध्याकाळी आईच्या खोलीत जाऊन बसलो. पाचव्या दिवशी ती अंथरुणास खिळली आणि पुढे दोन महिने उठली नाही. मी वर्गात संभवशास्त्र शिकवितो. पण त्या दिवशी मी कागद वाचला, घर वाचले नाही.

ह्यास्तव तपासणीचा कागद हाती आला म्हणजे सुशिक्षित गृहस्थाने डॉक्टरांस तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. तपासणीपूर्वी मला हा रोग असण्याचा संभव कितीसा होता? ही परीक्षा कोणत्या बाजूस अधिक चुकते? आणि तिच्या उत्तराने उपचारात काही बदल होणार आहे काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर बहुधा ती परीक्षा करविण्याचे कारणच उरत नाही.

मुंढव्याच्या त्या मुलाकडे सावित्रीबाई गेल्या, त्या आजारी मुलाची वार्ता ऐकून गेल्या. त्यांच्या मृत्यूनंतर तीनच दिवसांनी निघालेल्या तुकड्या प्रत्येक घराकडे संशयाने पाहत गेल्या. माणूस कोणत्या वस्तीतून आला, किती दिवस कण्हतो आहे, घरात आणखी कोण पडले आहे, हे आधी विचारणे ही केवळ दयाबुद्धी नव्हे. निदानाचा तो पहिला, आणि बहुधा सर्वांत वजनदार, पुरावा असतो.