गळ्यातल्या ग्रंथींचा माग काढणारी संस्था

बाल्टिमोरमधल्या कार्नेगी भ्रूणशास्त्र विभागाची स्थापना १९१४ ची. पण त्याचं मूळ तीस वर्षं मागे, जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये आहे. फ्रँकलिन मॉल हे तरुण अमेरिकन डॉक्टर तिथे विल्हेल्म हिस यांच्याकडे शिकायला गेले होते. हिस यांनी त्यांना कोंबडीच्या भ्रूणातला घसा अभ्यासायला दिला. थायमस ग्रंथी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून बनते, असं हिस यांचं मत. मॉल यांना ती घशाच्या आतल्या अस्तरातून उगवताना दिसली. गुरूंना हे आधी रुचलं नाही, पण पुढे त्यांनी ते मान्य केलं.

१८८७ पासून मॉल मानवी भ्रूण जमवू लागले. १९१३ मध्ये त्यांनी मानवी भ्रूणशास्त्रासाठी स्वतंत्र संस्था हवी, असं जाहीर आवाहन केलं आणि कार्नेगी इन्स्टिट्यूशनने पैसा दिला. १९१७ मध्ये ते वारले. सूत्रं जॉर्ज स्ट्रीटर यांच्याकडे आली.

इथलं काम फार चिकाटीचं होतं. भ्रूणाचे ओळीने पातळ काप काढायचे, प्रत्येक कापाची आकृती मोठी करून मेणाच्या पत्र्यावर उतरवायची, ती कापायची आणि पत्रे एकावर एक रचायचे. मग काही मिलिमीटरचा भ्रूण हातात धरता येईल एवढा उभा राही. गळ्यातली गुंतागुंत अशाच मांडणीतून सुटली. वेलर यांनी १९३३ मध्ये थायरॉइड, पॅराथायरॉइड आणि थायमसच्या घडणीवरचा अभ्यास विभागाच्या ग्रंथमालेत छापला. काही वर्षांनी नॉरिस यांचे निबंध आले.

चौथ्या आठवड्यात घशाच्या दोन्ही बाजूंना कमानी उमटतात आणि त्यांच्यामध्ये आतून खिसे तयार होतात. थायरॉइड जिभेच्या मुळाशी सुरू होते आणि सातव्या आठवड्यापर्यंत श्वासनलिकेसमोर उतरते. तिच्या वाटेतली नळी पुरती विरली नाही, तर पुढे गळ्याच्या मधोमध गाठ येऊ शकते. जीभ बाहेर काढली की ही गाठ वर सरकते. पॅराथायरॉइडची कथा तर मला सगळ्यांत विलक्षण वाटते. प्रत्येक बाजूच्या तिसऱ्या खिशातून थायमस आणि एक पॅराथायरॉइड निघते, चौथ्यातून दुसरी पॅराथायरॉइड. थायमस छातीकडे उतरताना जोडीच्या पॅराथायरॉइडलाही खाली नेते. त्यामुळे वर जन्मलेली ग्रंथी मोठ्या माणसात खाली असते, आणि तिचा मुक्काम दर माणसात बदलतो. ही ग्रंथी शोधताना सर्जनला कधी जबड्याखाली, तर कधी थेट छातीत पाहावं लागतं ते यामुळेच.

भ्रूणाचं वय दिवसांत मोजणं बेभरवशाचं. म्हणून स्ट्रीटर यांनी १९४२ पासून बाह्यरूप आणि आतली घडण पाहून टप्पे ठरवायला घेतले. रोनन ओराहिली यांनी ते पूर्ण केले. पहिल्या आठ आठवड्यांचे हे २३ ‘कार्नेगी टप्पे’ आजही जगभर वापरले जातात.

या कामाला एक काळी बाजूही आहे. ज्या स्त्रियांच्या गर्भपातांतून आणि शस्त्रक्रियांतून हे नमुने आले, त्यांपैकी बहुतेकींना कुणी विचारलंही नव्हतं. संस्थेच्या इतिहासात ही गोष्ट तळटीपेत नको, पहिल्या पानावर हवी, असं माझं ठाम मत आहे.

पुढे विभाग जनुकांकडे वळला. तिथल्याच कामासाठी अँड्र्यू फायर यांना २००६ चं नोबेल मिळालं. भ्रूणसंग्रह आधी कॅलिफोर्नियात गेला आणि आता मेरिलँडमधल्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यक संग्रहालयात आहे. त्यातल्या निवडक भ्रूणांचे काप डिजिटल झाले आहेत, त्यामुळे थायमसचा तो जुना प्रश्न आता विद्यार्थी स्क्रीनवर एकेक काप पुढे सरकवत तपासू शकतात.