सात सांध्यांची कॅसेट



मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर कामाला आहे. शाळा नववीत सुटली. पुढं जे काय शिकलो ते रात्रपाळी करून आल्यावर वाचनालयाच्या बाकड्यावर, पेंगत पेंगत. म्हणून मी इतिहास लिहायला बसलोय हे बघून कुणी हसलं तरी चालेल. हा इतिहास मला पुस्तकात सापडलेला नाही. आज्याच्या पत्र्याच्या पेटीत सापडला, आणि वाचता येईना, कारण तो साठ मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये होता.

आज्या मुंबईला डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचा. लोअर परळच्या एका गिरणीत, रिंग खात्यात. 1982 च्या संपानंतर पेटी उचलून सांगली जिल्ह्यात गावी आला तो परत गेलाच नाही. पेटीत पेन्शनचे कागद, बाबासाहेबांचा एक फोटो, बिल्ला आणि ही कॅसेट. वरच्या कागदावर पेन्सिलीनं दोनच शब्द : ‘आपली गाणी’. गाणारा कोण, लिहिणारा कोण, काही नाही. आज्याला माहीत होतं, मग लिहायचं कुणासाठी?

कॅसेट वाजवायला यंत्र नव्हतं. तालुक्याच्या बाजारात एक म्हातारे रेडिओ दुरुस्त करतात, त्यांच्या माळ्यावर जुना टू-इन-वन निघाला. आतला रबरी पट्टा डांबरासारखा विरघळून गेला होता. तो बदलला. कॅसेट घातली आणि दहाव्या मिनिटाला फीत तटकन तुटली. पोटात गोळाच आला. पण तुटलेलं सांधणं हे तर माझं रोजचं काम. सूत जोडतो तशी गाठ इथं चालत नाही. दोन्ही टोकं तिरकी कापायची, समोरासमोर टेकवायची, आणि हेडला घासणारी बाजू मोकळी सोडून पाठीमागून चिकटपट्टी लावायची. साध्या पट्टीचा डिंक पुढं पाझरतो, फीत फितीला चिकटते. म्हणून ठरवलं, एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी संगणकात उतरवून घ्यायची.

ऐकताना कळलं की हा एका रात्रीचा कार्यक्रम नाही. मधे मधे ‘खट्ट’ असा आवाज येतो. तिथं आज्यानं बटण दाबलंय. अशी सहा खट्ट आहेत, म्हणजे आठ तुकडे. कुठं ढोलकी जवळ, कुठं लांब. कुठं घरातली भांडी वाजतात, कुठं मांडवातला भोंगा. आज्यानं काही वर्षांत, जिथं जे मिळालं ते या साठ मिनिटांत भरत नेलं.

पहिले दोन तुकडे कव्वालीच्या सामन्याचे. दोन गायन पार्ट्या समोरासमोर, बाजा, टाळ्या, सवाल-जवाब. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांत या पार्ट्या फोफावल्या. मधेच गाणं थांबवून बक्षिसं पुकारतात : अमुक चाळीकडून पाच रुपये, तमुक बाईकडून दोन. मला या आकड्यांनी धरून ठेवलं. ही गाणी कुठल्या कंपनीनं काढलेली नाहीत. दोन-दोन, पाच-पाच रुपयांवर ही सगळी कला उभी होती. तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांना आमच्या चाळीचा जिना माहीत नव्हता. टेप रेकॉर्डर स्वस्त झाला तेव्हा पहिल्यांदा गाणं ऐकणाऱ्याच्याच हातात भरायचं बटण आलं. पुढं चैत्यभूमीला आणि दीक्षाभूमीला कॅसेटींचे ढीग लागू लागले. पण त्या छापील कॅसेटी. आज्याची त्यांच्या पायाखालची.

तिसरा तुकडा मला सगळ्यात जुना वाटतो. आवाज दबलेला, सरसर फार. म्हणजे दुसऱ्या कॅसेटवरून उतरवलेली ही नक्कल. एक म्हातारा गातोय, जुन्या जलशाच्या ढंगात. तमाशात आधी गण, मग गवळण. इथं गणाच्या जागी भीमवंदन आहे आणि गवळण गाळूनच टाकलीय. ही मोडतोड सहज झालेली नाही. जलसा सत्यशोधकांनी रुळवला होता. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी 1930 च्या दशकात त्याला आंबेडकरी केलं. गावोगाव बत्तीच्या उजेडात उभं राहून, लोकांना कळेल अशा बोलीत. 1978 साली त्यांचं ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक आलं. ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी मिळवून वाचावं. पण पुस्तकात खोकला नसतो. या तुकड्यात म्हातारा दोनदा खोकतो आणि ढोलकीवाला ठेका न सोडता त्याच्यासाठी थांबून राहतो.

चौथा तुकडा नामांतराचा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. त्यांचं नाव या गाण्यात येतं. नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडला, सोळा वर्षं. गाणारा तरुण आहे, सूर चढतो तसा आवाज फाटतो, तरी खाली येत नाही. आपल्या शायरांची रीत अशी की शेवटच्या कडव्यात नाममुद्रा घालायची. वामनदादा कर्डकांची हजारो गाणी लोकांनी तोंडोतोंडी नेली तरी वामन हे नाव गळलं नाही ते त्यामुळंच. अक्षरओळख मोठेपणी झालेल्या माणसानं स्वतःची सही गाण्यात ओवून ठेवली होती! पण या गाण्याचं शेवटचं कडवं सुरू होतं आणि बाजू संपते. तीस मिनिटं भरली, फीत सरली. शायराचं नाव पलीकडं राहिलं. ते टोक मी वीस-बावीस वेळा ऐकलं असेल. श्वास घेतल्याचं ऐकू येतं. बस.

आता कॅसेट उलटी करतो, कारण भांडण या बाजूवर आहे.

पाचव्या तुकड्यात गाणं नाही, घोषणा आहे. कोणीतरी भोंग्यावर सांगतोय, संपाला तीन महिने व्हायला चार दिवस कमी आहेत, कुणी मोडू नका, धान्य वाटपाची यादी मास्तरांकडे आहे. गिरणी संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला. बोटं मोजा. 14 एप्रिल 1982! जयंतीची रात्र. वर्गणी दरसालसारखी जमली नसणार, तरी मांडव घातलेला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. पुढं काय झालं ते मी सांगायला नको. तो संप रीतसर मागंसुद्धा कुणी घेतला नाही. त्या रात्री मात्र हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून आवाजात केवढा भरवसा.

आणि सहाव्या तुकड्यात त्याच मांडवात, बाबासाहेबांच्या फोटोपुढं, लाल बावट्याच्या ढंगाचा पोवाडा. मालक, सरकार, डॉक्टर सामंत, सगळं त्यात आहे.

आमच्या अभ्यास मंडळात कॅसेट ऐकवली तेव्हा इथं गलका झाला. एक जण म्हणाला, ‘‘हे कापून टाक. जयंतीला वाजवायचं तर निळं तेवढं ठेव. लालवाल्यांनी आपल्याला साच्याला हात लावू दिला नव्हता, विसरलास?’’

विसरलो नाही. कसा विसरेन? मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला घेत नसत. कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. आमच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावणार नव्हता. म्हणून आमची माणसं रिंग खात्यात, कमी पैशात. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला आणि पुढाऱ्यांना तो अवघड गेला. हे सगळं खरं. माझा आज्या रिंग खात्यात, मी रिंग खात्यात. आता कुणी अडवत नाही, पण मी तिथंच आहे याचं मलाही कधी कधी नवल वाटतं.

पण हेही खरं की 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. अण्णा भाऊ साठे आमच्याच जिल्ह्यातले, वाटेगावचे. लाल बावटा कलापथक उभं करणारे, आणि बाबासाहेबांवर गाणं रचणारेही तेच. मग विलास घोगरे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. लाल पथकात आयुष्य गायलेल्या या शाहिरानं चार दिवसांनी स्वतःला संपवलं, तेव्हा डोक्याला निळी पट्टी बांधली होती. ‘जयभीम कॉम्रेड’ हा 2011 चा सिनेमा त्यांच्यापासूनच सुरू होतो. लाल आणि निळं कुठं कापायचं ते सोपं असतं तर त्या माणसाला इतकं जड गेलं नसतं.

मी मंडळात एवढंच म्हणालो की कात्री माझ्या हातात आहे, चालवणार नाही. आज्यानं बटण बंद केलं नाही, मी कोण? त्या रात्री तो उपाशी संपकरी होता आणि भीमसैनिकही. त्याला दोन मांडव परवडत नव्हते. एक मित्र चिडून उठून गेला. आता परत यायला लागलाय, पण कॅसेटचा विषय आम्ही टाळतो.

सातवा तुकडा. वाद्य नाही, मांडव नाही. खोलीत एक बाई ओव्या म्हणतेय. भीमाच्या, रमाईच्या. मागं मूल किरकिरतंय. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी लाखावर गोळा केल्या, त्यांत भीमाच्या ओव्या खूप आहेत. पण तिथं जातं आहे, इथं चाळ. मुंबईत गिरणीचं पीठ खाणारी बाई, जात्याशिवाय जात्याचं गाणं म्हणतेय आणि आज्यानं ते भरून ठेवलंय, सामन्याच्या कव्वालीइतक्याच मानानं. तीन ओव्या होतात. चौथी सुरू होते, अर्ध्यावर खट्ट, आणि हिंदी सिनेमाचं गाणं चालू.

हे सहावं खट्ट माझ्या बापाचं. पाच आज्याची, सहावं त्याचं, आणि पहिल्या बाजूचा तो सातवा सांधा माझ्या चिकटपट्टीचा. कॅसेटच्या पाठीवर दोन बारक्या पाकळ्या असतात. त्या मोडल्या की वर पुन्हा भरता येत नाही. आज्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. बापाला विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘‘मी लहान होतो रं. मधूनच लावून बघितली. बाजा नाही, ढोलकी नाही, नुसती बाई बोलतीय. मला वाटलं, यात काय नाही.’’

आजीला ऐकवलं. पहिल्याच ओवीला तिनं आवाज ओळखला. ‘‘चौथ्या खोलीतली. पोराची आई म्हनायचो आमी.’’

‘‘नाव काय तिचं?’’

‘‘आता काय सांगू. पोराचं नाव ठावं हाय. तिला समदी त्येच्याच नावानं हाका मारायची.’’

तुटलेली ओवी पुरी करतेस का, असं विचारलं. आजी म्हणाली, तिची मला येत नाही, ज्याची त्याची वेगळी असते, माझी म्हणते. चुलीकडं तोंड करून म्हणाली, माझ्याकडं बघितलं नाही. ती आता मोबाईलवर आहे, एक मिनिट चाळीस सेकंद. मधे कुकरची शिट्टी झालीय. तीही ठेवलीय.