दिवाडीचा बांध

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की मांडवी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. समोर दिवाडी बेट. टेकडीवर चर्च, खाली भातशेतं, आणि शेतांच्या कडेने मातीचा लांबच लांब बांध. दिवाडीचा इतिहास सांगताना बोलणं देवळावर आणि चर्चवर जातं. ते रास्तच आहे. पण या बेटावर माणूस टिकला तो बांधाच्या जोरावर.

गोव्याच्या कदंब राजांचं आराध्यदैवत सप्तकोटेश्वर इथलंच. चौदाव्या शतकात बहमनी सत्तेच्या काळात देवळाची नासधूस झाली, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं. भक्तांनी लिंग नदीपलीकडे, डिचोलीतल्या नार्व्याला नेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. दिवाडीवर मागे राहिलेल्यांचे धर्म बदलले, नावं बदलली. शेतं तीच राहिली, आणि भरतीचं खारं पाणीही.

भरतीच्या पातळीखालच्या या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. खाडीकाठी चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचा बांध घालायचा, बाहेरच्या अंगाला खारफुटी राखायची, म्हणजे लाटांचा मार तिच्यावर जातो. बांधात जागोजागी मानस, म्हणजे पाण्याचं दार. त्याची लाकडी झडप वरून टांगलेली. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की बाहेरचं पाणीच तिला चौकटीवर दाबून बंद करतं. राखणदार नको, कुलूप नको! शेतात कोरगुट पिकायचा, थोडा खारेपणा सोसणारा भात. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासळीही मिळायची.

एकट्याने बांध राखता येत नाही. एका ठिकाणी भगदाड पडलं तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. म्हणून डागडुजी गावकरी या ग्रामसंस्थेकडे असे, जी पोर्तुगिजांनीही मोडली नाही. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्यांच्या हक्काची झाली, ते न्याय्यच होतं; बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. पण शेती परवडेना, माणसं बाहेर गेली, आणि गोव्यात कित्येक खाजनं पडीक झाली.

दिवाडीला जाल तेव्हा चर्चची टेकडी जरूर चढा. मग खाली उतरून, ओहोटीच्या वेळी, एखाद्या मानशीपाशी घटकाभर उभे राहा.