नॅट सरस की सेबर?

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तेव्हा त्यांना अडवायला पोर्तुगिजांकडे गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हते. त्यामुळे विमानांची झुंज आम्हा गोमंतकीयांच्या आठवणीत नाही. आमच्या मुलांनी ती पाहिली संगणकाच्या पडद्यावर. २००१ साली 'इल-२ स्टुर्मोविक' हा खेळ आला आणि दूरदूरच्या देशांतली पोरे इंटरनेटवरून एकमेकांची विमाने पाडू लागली. स्पिटफायर सरस की मेसरश्मिट? वेग किती, वळते किती चटकन, तोफा किती... आकडे मांडायचे आणि निकाल द्यायचा!

हीच फूटपट्टी आपल्याकडच्या जोडीला लावून पाहू. एकीकडे भारताचे नॅट, मूळचे ब्रिटिश, पण बहुतेक बंगळूरला बांधलेले. दुसरीकडे पाकिस्तानचे अमेरिकन सेबर. नॅटच्या पंखांचा विस्तार सुमारे ७ मीटर, सेबरचा ११ मीटरहून अधिक. एवढेसे विमान शत्रूच्या नजरेस पडणेच कठीण. पण त्याच्या दोन तोफा ऐन लढाईत अडकत, तर काही सेबरांकडे साइडवाइंडर क्षेपणास्त्रे होती.

३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून सेबर पाडल्याची नोंद भारताने केली. पाकिस्तान म्हणतो, ते जखमी होऊन परतले. त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचे नॅट पाकिस्तानातील पसरूरला उतरले. ते आज कराचीच्या संग्रहालयात आहे, आणि सिकंद युद्धकैदी झाले. विमान एकाच जातीचे, दिवसही एकच!

२२ नोव्हेंबर १९७१ रोजी पूर्व सीमेवर बोयऱ्याजवळ चार नॅटनी दोन सेबर पाडली. सेबर खालच्या फौजेवर हल्ला करण्यात गुंतली होती आणि रडारवरच्या अधिकाऱ्याने नॅटना नेमके तिथे नेले. पकडलेल्या दोन वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे १९९७ साली पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले.

खेळात दोघेही सज्ज असतात, तोफा अडकत नाहीत, कोण पडले ते यंत्रच सांगते आणि पडलेला पुन्हा उडतो. इतिहासात यातले काहीच गृहीत धरता येत नाही. तुलना जरूर करावी. फक्त वेग विचारण्याआधी एक विचारावे : कोणी कोणाला आधी पाहिले?