निखिल वागळे कोण? ‘महानगर’ ते यूट्यूब, एका स्वतंत्र राजकीय पत्रकाराची वाटचाल

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात रेल रोको झाला, त्या दिवशी आमच्याकडं भातातलं गवत काढायचं काम चालू होतं. शाळेतल्या चिमुरड्यांवर झालेला अत्याचार आणि गुन्हा नोंदवायला लागलेला उशीर, यावरून लोक रुळावर उतरले होते. बांधावर बसलेला प्रत्येक जण मोबाईलमध्ये डोकं घालून होता. संध्याकाळी एक स्वतंत्र पत्रकार यूट्यूबवर बोलत होता, तेव्हा शेजारच्या काकांनी मला विचारलं, "हा कुठल्या चॅनलचा रे?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही, स्वतःचा." काका म्हणाले, "मग याला पगार कोण देतो?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर एका माणसाच्या कारकिर्दीवरून चांगलं समजतं. तो माणूस म्हणजे निखिल वागळे. त्यांनी पेपर काढला, चॅनल चालवलं आणि आता मोबाईलवर बोलतात. प्रत्येक ठिकाणी मालक वेगळा होता आणि त्याची किंमतही वेगळी मोजावी लागली.

आधी पॉडकास्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण गावात अजून गोंधळ आहे. हा शब्द २००४ साली इंग्रजी पेपरातल्या एका लेखात पहिल्यांदा आला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट हे दोन शब्द जोडून तो बनवला. मुळात तो फक्त ऐकायचा कार्यक्रम, रेडिओसारखा, पण आपल्या सवडीनं लावायचा. आता आपल्याकडं यूट्यूबवर दोन माणसं माईक लावून तासभर बोलली की त्यालाही पॉडकास्टच म्हणतात. चिखलात हात असताना कान मोकळे असतात, म्हणून शेतकऱ्याला हा प्रकार सोयीचा पडतो. लोकलनं मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांचाही दीड तास त्यात निघून जातो.

वागळेंची सुरुवात सत्तरच्या दशकाच्या शेवटी झाली. विशीतच ते ‘दिनांक’ या साप्ताहिकाचे संपादक झाले. पुढं त्यांनी ‘अक्षर’ प्रकाशन उभं केलं. आमच्या वयाच्या लोकांना ‘षट्कार’ आठवत असेल. क्रिकेटचं ते नियतकालिक, संपादक म्हणून संदीप पाटलांचं नाव. सिनेमाचं ‘चंदेरी’ही होतं. या दोन्हींच्या मागं वागळे आणि त्यांची मंडळी होती. सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत ‘षट्कार’ चाळणाऱ्या आम्हा पोरांना हे नाव तेव्हा माहीतही नव्हतं.

१९९० मध्ये त्यांनी ‘आपलं महानगर’ हे सांजदैनिक काढलं. सांजदैनिकाचा धंदा आजच्या पोरांना सांगावा लागतो. सकाळचा पेपर घरी येतो, संध्याकाळचा पेपर स्टेशनवर विकला जातो. कामावरून सुटलेला माणूस गाडीत चढताना तो घेतो आणि उतरेपर्यंत वाचून संपवतो. त्यामुळं मथळा जोरकस लागतो, पानं कमी लागतात आणि पैसे रोजच्या रोज स्टॉलवर जमतात. जाहिरातदार मोठा नसला तरी वाचक रोज नाणं टाकतो. मला वाटतं वागळेंच्या बोलण्यातला तिखटपणा तिथूनच आला असावा. गर्दीतल्या माणसाचं लक्ष वेधायचं तर हळू बोलून चालत नाही.

त्या पेपरानं शिवसेना आणि बाळासाहेब ठाकरे यांच्यावर सतत टीका केली. तेव्हा मुंबई-ठाण्यात हे करणं म्हणजे काय, ते त्या काळात इथं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. १९९१ मध्ये शिवसैनिकांचा हल्ला झाला. त्यानंतरही हल्ले होत राहिले, पण पेपर चालू राहिला.

१९९४ ची गोष्ट वेगळी आहे, कारण त्या वेळी दगड मारणारा जमाव नव्हता. ‘महानगर’मधल्या लिखाणावरून राज्याच्या विधिमंडळानं हक्कभंगाची कारवाई केली आणि वागळेंना काही दिवस तुरुंगात जावं लागलं. हक्कभंग म्हणजे सभागृहाच्या किंवा आमदारांच्या मानाला धक्का लावला असा ठपका. राज्यघटनेच्या कलम १९४ नं विधिमंडळाला हे विशेष अधिकार दिलेत. यात तक्रार करणारं सभागृह, सुनावणी घेणारं सभागृह आणि शिक्षा ठरवणारंही सभागृहच. ग्रामसभेत सरपंचावर टीका केली म्हणून सरपंचानंच निकाल द्यावा, असा हा प्रकार आहे. कायद्यात तो आजही आहे. ‘महानगर’ हे नावही आजपर्यंत टिकलंय, पण मालकी आता दुसऱ्यांची.

६ एप्रिल २००८ ला आयबीएन लोकमत हे चॅनल सुरू झालं आणि गावागावात वागळेंचा चेहरा पोचला तो तिथून. चॅनल नेटवर्क १८ आणि लोकमत समूह यांच्या भागीदारीतलं, वागळे संपादक. रात्री ‘आजचा सवाल’ लागायचा. नेत्याला प्रश्न विचारायचे, त्यानं टाळलं की तोच प्रश्न पुन्हा, आवाज चढवून. आमच्या पाड्यावर एकाच घरात डिश होती, तिथं वीस माणसं बसायची. निम्मे म्हणायचे, बघा कसा घाम फोडतोय. निम्मे म्हणायचे, समोरच्याला बोलू तर देत नाही. मी दुसऱ्या गटात होतो आणि अजूनही त्या बाबतीत माझं मत फारसं बदललेलं नाही. उलट ‘ग्रेट भेट’ या त्यांच्याच कार्यक्रमात ते लेखक, कलावंत, कार्यकर्ते यांना निवांत बोलू द्यायचे. ज्यांनी फक्त भांडणारे वागळे बघितले त्यांनी त्या मुलाखती बघाव्यात. आजचे मराठी पॉडकास्ट ज्या पद्धतीनं चालतात, ती बैठक टीव्हीवर तेव्हाच होती.

नोव्हेंबर २००९ मध्ये सचिन तेंडुलकर ‘मुंबई सगळ्या भारतीयांची’ असं बोलला. बाळासाहेबांनी ‘सामना’तून त्याला सुनावलं. त्यावर या चॅनलनं टीका केली आणि २० नोव्हेंबरला शिवसैनिकांनी विक्रोळीच्या ऑफिसात घुसून तोडफोड केली. कर्मचाऱ्यांना मारहाण झाली. पुण्याच्या ऑफिसवरही हल्ला झाला. हे सगळं कॅमेऱ्यासमोर घडलं, म्हणून देशभर दिसलं.

पण नोकरी गेली ती या हल्ल्यांमुळं नाही. २०१४ च्या मे महिन्यात रिलायन्सनं नेटवर्क १८ चा ताबा घेत असल्याचं जाहीर केलं आणि जुलैमध्ये वागळे बाहेर पडले. राजदीप सरदेसाईंनीही त्याच सुमारास तो समूह सोडला. नंतर चॅनलचं नाव न्यूज १८ लोकमत झालं. दगड मारणाऱ्यांना जे जमलं नव्हतं ते मालकी बदलल्यावर झालं, असं मी या घटनेकडं बघतो.

पुढची तीन वर्षं मी मराठी, महाराष्ट्र १ आणि टीव्ही ९ मराठी अशी गेली. टीव्ही ९ वरचा ‘सडेतोड’ हा कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला. त्यानंतर मोठ्या चॅनलची खुर्ची नाही. तिथून पुढं यूट्यूब, लेख आणि सभा. देशात पुढं इतरही याच वाटेनं आले. एनडीटीव्हीची मालकी अदानी समूहाकडं जाताना रवीश कुमार यांनी ३० नोव्हेंबर २०२२ ला राजीनामा दिला आणि यूट्यूबवर आले. वागळे त्या वाटेवर आधीपासून होते.

आता काकांच्या प्रश्नाकडं येऊ. यूट्यूबवर पैसे कसे मिळतात? जाहिरातीचा पूर्ण हिस्सा मिळायला चॅनलला किमान १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलेलं असावं लागतं (शॉर्ट्ससाठी ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज). मग लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनलवाल्याला आणि ४५ टक्के यूट्यूबला. ऐकायला बरं वाटतं. आपला आंबा वाशीच्या मार्केटला गेल्यावर दलाली कापतात तशीच ही कपात, पण इथं भाव काय लागला ते आपल्याला आधी कळत नाही. दंगल, बलात्कार, हिंसा असे विषय आले की अनेक जाहिरातदार मागं सरतात. मग व्हिडिओवर पिवळ्या डॉलरची खूण येते, म्हणजे जाहिराती मर्यादित. बदलापूरसारख्या प्रकरणावर जो तासभर नीट बोलेल त्याला कमी मिळायची शक्यता, आणि नट-नटीच्या भांडणावर बोलेल त्याला जास्त. म्हणून राजकारणावर बोलणारे पत्रकार महिन्याची मेंबरशिप, देणगी, क्यूआर कोड यांवर भर देतात. इथं पगार देणारा प्रेक्षकच.

यात एक खोच आहे, ती कुणी फारशी सांगत नाही. मालकाला खूश ठेवायचं बंद झालं तरी प्रेक्षकाला खूश ठेवायची सवय लागू शकते. पैसे देणारा प्रेक्षक एका बाजूचा असला की त्याला दुसऱ्या बाजूचं खरंही ऐकवत नाही. स्वतंत्र पत्रकाराची परीक्षा तिथं होते. वागळे या बाबतीत आपली भूमिका लपवत नाहीत. मी सत्तेच्या विरोधात बोलणार, असं ते उघड सांगतात. हा मोकळेपणा मला आवडतो, पण ऐकणाऱ्यानं ते लक्षात ठेवूनच ऐकलं पाहिजे.

सरकारचं बंधन हा दुसरा भाग. २५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं नवे आयटी नियम आणले आणि त्यात डिजिटल बातम्यांसाठी आचारसंहिता घातली. तिच्याविरोधात मुंबई उच्च न्यायालयात दोन याचिका झाल्या, एक ‘द लीफलेट’ या पोर्टलची आणि एक निखिल वागळेंची. १४ ऑगस्ट २०२१ ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठानं नियम ९ च्या पहिल्या आणि तिसऱ्या पोटनियमाला स्थगिती दिली. तालुक्याच्या पोर्टलसाठीही ही मोठी गोष्ट होती, कारण तो नियम मोठ्या वेबसाईटला आणि आमच्यासारख्या छोट्यांनाही सारखाच लागू होणार होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात जे झालं ते बहुतेकांनी मोबाईलवर बघितलं असेल. लालकृष्ण अडवाणी यांना भारतरत्न जाहीर झाल्यावर वागळेंनी समाजमाध्यमावर टीका केली, त्यावरून त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. ९ फेब्रुवारीला राष्ट्र सेवा दलाच्या साने गुरुजी स्मारकात ‘निर्भय बनो’ची सभा होती. भाजपनं सभेला विरोध केला होता. वकील असीम सरोदे आणि विश्वंभर चौधरी यांच्यासोबत वागळे गाडीतून जात असताना वाटेत गाडीवर हल्ला झाला. शाई फेकली, काचा फुटल्या. तरी ते पोचले आणि सभा झाली. पोलिसांनी भाजप कार्यकर्त्यांवर गुन्हे नोंदवले. नव्वदच्या दशकात हल्ला करणारा पक्ष वेगळा होता, या वेळी वेगळा.

‘निर्भय बनो’च्या सभा लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर राज्यभर झाल्या आणि त्या उघडपणे भाजपच्या विरोधात होत्या. पत्रकारानं अशा व्यासपीठावर जावं का? यावर पत्रकारांमध्येच दोन मतं आहेत. मला विचाराल तर लोकमान्यांपासून आपल्याकडं संपादक चळवळीत उतरत आलेत, त्यात नवीन काही नाही. मात्र सभेत बोललेलं भाषण आणि पत्रकार म्हणून दिलेली बातमी यांना मी एकाच मापानं मोजत नाही.

हल्ल्याविरोधात महाराष्ट्रात कायदा आहे. पत्रकार आणि माध्यमसंस्थांवरील हल्ल्यांबाबतचा हा कायदा विधिमंडळानं २०१७ मध्ये मंजूर केला. हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या खाली नाही. नुकसानभरपाईही हल्लेखोराकडून. कागदावर चांगला आहे. अडचण व्याख्येत आहे. पत्रकार म्हणजे एखाद्या माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटावर काम करणारा, अशी त्याची मांडणी आहे. घरात माईक लावून एकटा बोलणारा त्यात कसा बसवायचा, आणि बातमीमागं शे-दोनशे रुपये घेणारा आमच्यासारखा स्ट्रिंगर नेमका कुठल्या कंत्राटावर?

वागळेंच्या गाडीच्या काचा फुटल्या तेव्हा दोन तासांत देशभर कळलं, कारण नाव मोठं आहे. राजापूरच्या शशिकांत वारिशे यांचं तसं नव्हतं. रत्नागिरीतल्या रिफायनरीच्या वादावर ते लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. बाहेरच्या लोकांना त्यांचं नाव कळलं ते त्यानंतर.

माझा अनुभव याच्यापुढं काहीच नाही, तरी सांगतो. काही वर्षांपूर्वी नदीकाठी रात्री टाकल्या जाणाऱ्या भरावाची बातमी मी दिली. दुसऱ्या दिवशी एक ठेकेदार दोन माणसं घेऊन अंगणात आला. चहा घेतला, मुलं कुठल्या शाळेत जातात ते विचारलं आणि गेला. तेव्हा मी ज्यांना बातम्या द्यायचो त्यांच्याकडं ओळखपत्र आणि निदान एक पत्र मागितलं, म्हणजे पोलिसांकडं जाता येईल. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणाले. पत्र शेवटपर्यंत आलं नाही. बातमी मात्र आतल्या पानावर लागली होती, माझं नाव न घालता.